राष्ट्रपतिपदाच्या लढतीत तिसरे आलेले चिंतामणराव

सिल्वासा, प्रतिनिधी : दादरा-नगर हवेलीत विधानसभा नाही, त्यामुळे आमदार नाहीत आणि मुख्यमंत्रीही नाही. राज्यघटनेच्या २३९ व्या कलमाप्रमाणे इथला कारभार राष्ट्रपती आपण नेमलेल्या प्रशासकामार्फत चालवतात, आणि २४० व्या कलमाने इथल्यासाठी नियम करण्याचा अधिकारही त्यांनाच आहे. प्रत्यक्षात फाइल दिल्लीत गृहखात्याच्या टेबलावर फिरते ही गोष्ट वेगळी, पण कागदावर नाव राष्ट्रपतींचं. ११ ऑगस्ट १९६१ पासून हे असंच चालू आहे. म्हणजे राष्ट्रपती भवनात कोण बसतं याच्याशी सिल्वासा, खानवेल, नरोलीचा संबंध पुण्या-नाशिकपेक्षा जरा जास्तच थेट आहे.

या पदासाठी १९६९ च्या ऑगस्टमध्ये जी निवडणूक झाली तिच्याइतकी चुरशीची दुसरी झालेली नाही. त्या लढतीत तिसरा उमेदवार मराठी होता. रायगडच्या पायथ्याच्या गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख. मुंबईला केंद्रशासित करायला निघालेल्या नेहरूंच्या तोंडावर राजीनामा ठेवणारे अर्थमंत्री म्हणून जुनी माणसं त्यांना ओळखतात. ते राष्ट्रपतिपदालाही उभे होते, हे मात्र बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. गाव नाते, महाडजवळचं. वडील वकील. घराण्याची मुळं रोह्यात. म्हणजे अस्सल कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. मुलगा हुशार किती, तर १९१२ च्या मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन गेला. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याचं नाव घरोघर जायचं. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, आणि १९१५ मध्ये विलायत. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी संस्कृत नव्हे, तर वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र घेतलं, आणि वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही पटकावलं. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा झाली, तीत ते पहिले आले.

लंडनमध्येच त्यांची लोकमान्य टिळकांशी भेट झाली. इंग्रजांची नोकरी करावी की सोडून चळवळीत उतरावं, असा तरुण देशमुखांच्या मनात घोळ होता. टिळकांनी त्यांना नोकरी करण्याचाच सल्ला दिला, स्वराज्य आल्यावर राज्य चालवण्याचा अनुभव असलेली माणसं लागतील म्हणून, असं सांगतात. पुढची तीस वर्षं पाहिली तर टिळकांचा हिशेब बरोबर निघाला म्हणायचा.

नेमणूक मिळाली मध्यप्रांत-वऱ्हाडात. नागपूर राजधानी असलेल्या त्या प्रांतात त्यांनी महसूल आणि अर्थ ही दोन्ही खाती पाहिली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला, जिथे गांधीजी गेले होते, देशमुख सचिवांच्या पथकात होते. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले ते सरकार आणि बँक यांच्यामधला दुवा म्हणून. दोन-अडीच वर्षांत डेप्युटी गव्हर्नर झाले. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला ती खुर्ची पहिल्यांदा एका भारतीयाकडे आली. (हवेली भारतात सामील झाली तीही ११ ऑगस्टलाच, अठरा वर्षांनी. योगायोग, दुसरं काही नाही.)

खुर्ची मिळाली तो काळ काही सुखाचा नव्हता. महायुद्ध चालू, महागाई आकाशाला भिडलेली, बंगालात दुष्काळ. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची पायाभरणी झाली, तिथल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. फाळणी झाल्यावर तर मोठाच पेच पडला. दोन देश, पण मध्यवर्ती बँक एकच. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचंही चलन रिझर्व्ह बँकच सांभाळत होती, आणि देशमुखांच्या सहीच्या नोटांवर पाकिस्तान सरकारचा शिक्का मारून त्या तिकडे चालत होत्या. ज्यांच्या राजकारणाची दिशा एकमेकांविरुद्ध, त्यांच्या खिशात सही एकाच कोकणी माणसाची! १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही गव्हर्नर तेच, आणि जूनअखेर ते पायउतार झाले.

१९५० मध्ये जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. त्यांचा खटका उडाला होता नियोजन आयोगावरून. त्या आयोगाचे सदस्य असलेले देशमुख त्यांच्या जागी अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेत गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळातली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ ला, तीही त्यांच्याच खात्यातून. खासगी आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या तो अध्यादेश १९ जानेवारी १९५६ चा. कंपनी कायदा त्याच वर्षीचा. आज सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत एखादा हिशेबनीस स्टेट बँकेत चलन भरतो किंवा आयुर्विम्याचा हप्ता कापतो, तेव्हा त्याच्यामागे या माणसाची काही वर्षांची घासाघीस आहे. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवं, कारण १९६९ मध्ये त्यांना पाठिंबा देणारे पक्ष राष्ट्रीयीकरणाच्या नावाने कपाळाला आठ्या घालणारे होते.

या मंत्रिपदाच्या काळातच, २२ जानेवारी १९५३ ला, त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या, त्यांच्यापासून एक मुलगी होती. दुर्गाबाई आंध्रच्या, घटना समितीच्या सदस्य, नियोजन आयोगातही सहकारी. लग्नाला साक्षीदार खुद्द पंतप्रधान नेहरू. तीन वर्षांनी त्याच नेहरूंशी त्यांचं बिनसलं.

ते प्रकरण सविस्तर सांगायला हवं. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शेवटी आला. त्यात मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र मिळत नव्हता. गुजराती-मराठी असं द्विभाषिक राज्य आणि विदर्भ वेगळा, अशी ती शिफारस होती. महाराष्ट्रात आग भडकली. मग दिल्लीने तोडगा काढला तो त्रिराज्याचा. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर कुणालाच नाही. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली, गोळीबार झाले. पुढे संपूर्ण चळवळीत शंभरावर माणसं गेली.

देशमुखांनी राजीनामा देऊ केला तो त्याच जानेवारीत. समजुती काढण्यात, थांबा म्हणण्यात सहा महिने गेले. जुलैत त्यांनी पद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून निवेदन केलं. त्यांची तक्रार केवळ मुंबई मिळाली नाही एवढीच नव्हती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट न होता पंतप्रधानांनी जाहीर केला, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. दुसरा गोळीबाराचा. एवढी माणसं मारली गेली आणि न्यायालयीन चौकशीसुद्धा करायची नाही, हे त्यांना पटणारं नव्हतं. नेहरूंना हे आरोप मान्य नव्हते, तसं त्यांनीही सभागृहात सांगितलं. पण एका आयसीएस मुरलेल्या, शब्द तोलून वापरणाऱ्या माणसाने पंतप्रधानांच्या कामाच्या पद्धतीवर बोट ठेवलं, याचा धक्का मोठा होता. ऑगस्टअखेर टी. टी. कृष्णम्माचारी येईपर्यंत अर्थखातं नेहरूंनी स्वतःकडे ठेवलं.

हा मुद्दा हवेलीतल्या वाचकाला मुंबईकरापेक्षा लवकर कळेल. मुंबईला जे देऊ केलं होतं, ते आपल्याला पाच वर्षांनी मिळालंच. फरक इतकाच की मुंबईकरांच्या हातून काहीतरी जाणार होतं आणि हवेलीकर पोर्तुगीजांच्या हातून सुटून येत होते. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते. नंतर सात वर्षं इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला, कारण पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला होता आणि दिल्लीला पाऊल जपून टाकायचं होतं. १९६० च्या एप्रिलमध्ये तिथला निकाल लागला, आणि पुढच्या वर्षी के. जी. बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचे पंतप्रधान करून त्यांच्या सहीने हा प्रदेश भारतात आला. राष्ट्रपतींच्या छत्राखाली येताना इथे सुटकेचा निःश्वास होता. मुंबईत तेच छत्र म्हणजे अपमान वाटत होता. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

मुंबईचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून विशाल द्विभाषिक, १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात. त्या वाटणीत उंबरगाव गुजरातेत गेलं. बेळगाव त्याआधीच म्हैसूरकडे गेलेलं होतं. देशमुखांच्या राजीनाम्याने मुंबई वाचली असं म्हणणं जास्तीचं होईल, ती रस्त्यावरच्या माणसांनी मिळवली. पण दिल्लीच्या मंत्रिमंडळात बसून कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची सोडली, याचं मोल सीमेवरच्या मराठी माणसाने कमी लेखू नये. त्या वेळी खुर्ची न सोडणारेच जास्त होते.

राजीनाम्यानंतर ते राजकारणात रमले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीतल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार. मधल्या वेळात संस्कृत. गांधीजींच्या वचनांचे त्यांनी संस्कृत श्लोक केले, कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करायला एक कायमचं निःपक्ष मंडळ असावं, असं त्यांनी १९५९ मध्येच जाहीरपणे सुचवलं होतं. लोकपाल हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. सरकारला ती सूचना आवडली नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग १९६९.

तेव्हा राष्ट्रपतिपद उणंपुरं १९ वर्षांचं होतं. राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन, झाकिर हुसेन, एवढीच नावं झाली होती. निवडणूक म्हणजे काँग्रेसने नाव सांगायचं आणि ते निवडून यायचं. १९६७ मध्ये विरोधकांनी माजी सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांना उभं करून जरा दम भरला होता, पण झाकिर हुसेन आरामात आले. ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. असं पहिल्यांदाच घडलं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण गिरीच उभे राहिले आणि त्यांनी पद सोडलं तर राष्ट्रपतींचं काम कुणी करायचं? घटनेत त्याची तरतूद नव्हती. मे महिन्यात घाईघाईने कायदा करावा लागला की अशा वेळी सरन्यायाधीश ते काम पाहतील. म्हणून २० जुलै ते २४ ऑगस्ट देशाचे राष्ट्रपती होते न्या. हिदायतुल्ला, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले.

काँग्रेसच्या बेंगळुरूच्या बैठकीत संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं, इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध. यशवंतराव चव्हाण तिथे रेड्डींच्या बाजूने होते. इंदिराजींनी परतून मोरारजींकडून अर्थखातं काढलं, १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि त्या अध्यादेशावर हंगामी राष्ट्रपती म्हणून सही केली गिरींनी. दुसऱ्याच दिवशी गिरी राजीनामा देऊन अपक्ष उमेदवार.

या दोन काँग्रेसच्या मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभे केले ७३ वर्षांचे चिंतामणराव. निवड चांगली होती, कारण माणूस वादातीत. पण त्यात विसंगतीही भरपूर होती. विमा आणि इंपीरियल बँक सरकारकडे घेणारा अर्थमंत्री आता बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांचा उमेदवार होता. मुंबईसाठी राजीनामा देणाऱ्याला मतं अपेक्षित होती ती गुजरात, राजस्थान, ओरिसात जिथे स्वतंत्र पक्ष तगडा होता, आणि उत्तरेत जिथे जनसंघाचे आमदार होते. महाराष्ट्रात? १९६७ च्या विधानसभेत २७० पैकी २०३ जागा काँग्रेसच्या, जनसंघाच्या ४, स्वतंत्रची एकही नाही. ज्या राज्यासाठी त्यांनी मंत्रिपद फेकलं, तिथल्या विधानभवनात त्यांना हक्काने मत देणारे बोटावर मोजण्याइतके होते. पक्षाच्या यंत्रणेपुढे उपकाराची आठवण टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याहून मोठी गोम दुसऱ्या पसंतीत होती. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम लिहितो. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांशी बोलले, तुमची दुसरी पसंती आमच्या रेड्डींना द्या म्हणून. ही बातमी इंदिराजींच्या गटाला आयतीच सापडली. आपल्याच पक्षाच्या उमेदवारासाठी व्हिप काढायला त्यांनी नकार दिला, ज्याने त्याने मनाला विचारून मत द्यावं अशी हाक निघाली. चिंतामणरावांना पहिली पसंती आदरापोटी, राजकारण सगळं दुसऱ्या पसंतीत. हे त्यांना कळत नसेल असं मानणं कठीण आहे. आकड्यांत आयुष्य गेलेला माणूस तो.

१६ ऑगस्टला मतदान, २० ऑगस्टला मोजणी. रिंगणात १५ उमेदवार. त्या वेळी नाव दाखल करणं इतकं सोपं होतं की पाच जणांना एकही मत पडलं नाही. (दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अनामत रकमेची अट १९७४ पासून आली.) खासदाराच्या मताचं मूल्य ५७६. हवेलीतून तेव्हा काँग्रेसचे सान्जीभाई डेलकर लोकसभेत होते. अख्ख्या दादरा-नगर हवेलीचा या निवडणुकीतला वाटा म्हणजे त्यांचं ते एक मत. आमदार नाहीत, त्यामुळे दुसरं कुणी नाहीच.

पहिल्या पसंतीचे आकडे असे : गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९ मतं. गिरींना १६,६५४ कमी पडत होती. या पदाच्या इतिहासात पहिल्यांदा दुसरी पसंती मोजायची वेळ आली. खालचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले, शेवटी देशमुखांचे गठ्ठे सुटले. त्यातली बहुतेक दुसरी पसंती ठरल्याप्रमाणे रेड्डींकडे गेली. एकूण फेऱ्यांत रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ मतांची भर पडली, गिरींच्या पारड्यात फक्त १८,५६२. पण गिरींना तेवढीच पुरली. ४,२०,०७७ वर ते थांबले, रेड्डी ४,०५,४२७ वर.

म्हणजे लागणाऱ्या आकड्याच्या वर गिरी गेले ते १,९०८ मतमूल्याने. तीन-साडेतीन खासदारांचा फरक! देशमुख किंवा इतर लहान उमेदवारांच्या मतपत्रिकांवर गिरींच्या नावापुढे आकडा टाकणारे थोडे हात आखडले असते, तर मोजणी आणखी लांबली असती. नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं, पदावरचे राष्ट्रपती गिरी साक्ष द्यायला न्यायालयात आले, १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. मराठी माणूस राष्ट्रपती भवनात पोचायला २००७ उजाडावं लागलं, प्रतिभाताई पाटलांच्या रूपाने.

देशमुखांनी या पराभवाचं भांडवल केलं नाही. १९७४ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. उतारवयात ते आणि दुर्गाबाई हैदराबादला राहिले. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या. चिंतामणराव दीड वर्ष मागे राहिले आणि २ ऑक्टोबर १९८२ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादलाच वारले. रिझर्व्ह बँक त्यांच्या नावाची व्याख्यानमाला चालवते, दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे.